फुफ्फुसाचा कर्करोग, जनुके आणि आपल्या जिल्ह्यातला धूर : सांगलीच्या आरोग्य प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी व मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली,
तसेच जिल्ह्यातील सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी यांस

विषय : फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या धोक्याची नोंद, निरोगी माणसांच्या जनुकीय चाचण्या आणि रुग्णांच्या गाठीची जनुकीय तपासणी याबाबत

सविनय नमस्कार.

मी पलूस तालुक्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आनुवंशिकता हा माझा शिकवण्याचा विषय असल्यामुळे ओळखीची माणसे आजही तपासणीचे कागद घेऊन घरी येतात आणि ‘यात काय लिहिले आहे ते सांगा’ म्हणतात. या कागदांमध्ये गेल्या काही वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे कागद वाढले आहेत आणि त्यांच्यासोबत येणारे प्रश्न ऐकून मला हे पत्र लिहिणे भाग पडले आहे. एखाद्याला हा आजार झाल्याचे कळले की गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘विडी-सिगारेट ओढत होता का?’ हा. उत्तर होकारार्थी असेल तर दोष त्या माणसाच्या पदरात टाकून विषय संपतो, आणि नकारार्थी असेल तर ‘घराण्यातच असेल’ असे म्हणून तो संपतो. आता याच दुसऱ्या उत्तरावर व्यापार उभा राहू लागला आहे. लाळेच्या नमुन्यावरून कर्करोगाचा धोका आधीच ओळखून देण्याचा दावा करणाऱ्या चाचण्यांच्या जाहिराती मोबाइलवर आणि काही आरोग्य शिबिरांतही दिसतात, आणि महिन्याच्या पगारातून किंवा उसाच्या बिलातून लोक त्यासाठी पैसे बाजूला काढतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, फुफ्फुसाच्या कर्करोगात जनुकीय फरकांचा वाटा खरा आहे, पण निरोगी माणसाच्या बाबतीत तो धूर आणि धूळ यांच्या तुलनेत फार लहान आहे. म्हणून जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने निरोगी माणसांची जनुके तपासण्याच्या मागे न लागता, कोण कोणत्या धुरात किती वर्षे वावरला आहे याची नीट नोंद ठेवावी आणि जनुकीय तपासणीचा आग्रह प्रत्यक्ष रुग्णाच्या गाठीसाठी धरावा. हे म्हणण्यामागची कारणे मी पुढे मांडते.

सुरुवात तंबाखूपासून करणे क्रमप्राप्त आहे, कारण त्याविषयी कोणतीही संदिग्धता शिल्लक नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, १९५१ पासून ब्रिटनमधील डॉक्टरांचाच दीर्घ पाठपुरावा सुरू केला आणि २००४ मध्ये त्याच्या पन्नास वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धूम्रपान करणाऱ्याला हा कर्करोग होण्याची शक्यता न करणाऱ्याच्या तुलनेत साधारण १५ ते ३० पट असते. ब्रिटनमधील पुरुषांच्या आकडेवारीनुसार आयुष्यभर सिगारेट ओढत राहणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांना वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत हा आजार गाठतो. साठाव्या वर्षी सवय सोडली तर हे प्रमाण सुमारे १० टक्के, पन्नासाव्या वर्षी सोडली तर ६ टक्के, चाळिसाव्या वर्षी सोडली तर ३ टक्के आणि तिसाव्या वर्षी सोडली तर २ टक्क्यांच्या आत राहते. मला हे आकडे आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेले पाहायला आवडतील, कारण ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ हे वाक्य मी पारावर असंख्य वेळा ऐकले आहे आणि त्याचे उत्तर त्यांतच आहे. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समजही टिकणारा नाही. भारतातील मृत्यूंच्या मोठ्या अभ्यासात २००८ मध्ये असे दिसले की, विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी कमी होते.

परंतु याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की, जन्मभर सिगारेट ओढूनही बहुसंख्य माणसांना हा विशिष्ट कर्करोग होत नाही, आणि नव्वदीपर्यंत विडी ओढलेल्या आजोबांचा दाखला प्रत्येक भावकीत सापडतो. (त्या आजोबांच्या वयाची किती माणसे दमा, हृदयविकार किंवा घशाच्या आजाराने आधीच गेली, याची आठवण मात्र कोणी ठेवत नाही.) एकाच धुरात दोन माणसांचे नशीब वेगळे का ठरते, या प्रश्नातूनच शास्त्रज्ञ जनुकांकडे वळले.

२००८ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी हजारो रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या जनुकसंचाची तुलना करून पंधराव्या गुणसूत्रावरील एकाच जागेकडे बोट दाखवले. तेथे निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या, पेशींवरील ग्राहकांची (रिसेप्टरची) जनुके आहेत आणि त्यांपैकी ‘सीएचआरएनए५’ या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलते. हा बदल एका पालकाकडून आलेला असेल तर धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो आणि दोन्ही पालकांकडून आला असेल तर सुमारे ८० टक्क्यांनी. म्हणजे जनुकीय बाजूने सर्वांत ठळक म्हणावा असा सर्वसामान्य फरकही धोका दुपटीपर्यंत नेत नाही, आणि सिगारेट मात्र तो १५ ते ३० पटींवर नेते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा फरक बऱ्याच अंशी सवयीच्या वाटेनेच काम करतो. तो ज्यांच्यात असतो त्यांना अधिक निकोटिन घेतल्यावर येणारी शिसारी कमी जाणवते, त्यामुळे ते अधिक ओढतात, झुरका खोलवर घेतात आणि त्यांना सवय सोडणे जड जाते. ज्याने कधी धूम्रपान केलेलेच नाही, त्याच्या बाबतीत या फरकाचा धोक्यावर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. यकृतात निकोटिन मोडणाऱ्या ‘सीवायपी२ए६’ या जनुकाचेही असेच आहे : ज्यांच्यात ते संथ काम करते त्यांच्या रक्तात निकोटिन अधिक काळ टिकते, त्यांना पुढची सिगारेट उशिरा लागते आणि त्यांच्यात हा कर्करोगही काहीसा कमी आढळतो. जनुके एका खोलीत आणि जीवनशैली दुसऱ्या खोलीत, अशी विभागणी निसर्गात नाही.

दुसऱ्या प्रकारची जनुके धुरातील विषाचा निचरा करण्याशी संबंधित आहेत. तंबाखूच्या धुरात सुमारे ७,००० रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक म्हणून ओळखली जातात. त्यांतील बेंझोपायरीनसारखी संयुगे मुळात फारशी क्रियाशील नसतात. शरीरातील ‘सीवायपी१ए१’सारखी विकरे (एन्झाइम) त्यांचे रूपांतर अशा पदार्थात करतात की जो डीएनएला जाऊन चिकटतो, आणि ‘जीएसटीएम१’सारखी विकरे असे पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्यास मदत करतात. पुष्कळ माणसांमध्ये जीएसटीएम१ हे जनुक जन्मतःच नसते. हे वाचल्यावर कोणालाही वाटेल की, ज्यांच्यात ते नाही त्यांना हा कर्करोग ठरलेलाच. मीही वर्गात हे उदाहरण रंगवून शिकवत असे, कारण ते समजायला सोपे आहे. परंतु मोठ्या संख्येच्या अभ्यासांत या जनुकाच्या अभावाचा परिणाम लहान आणि कमी-अधिक होणारा आढळला. जिथे धूर फार आणि सततचा, तिथे तो अधिक स्पष्ट दिसला. धूर नसेल तर निचरा कमी असून फारसे बिघडत नाही.

कुटुंबातील इतिहासाकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणत नाही. आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल तर धोका सुमारे दीडपट होतो. टीपी५३ किंवा ईजीएफआर या जनुकांतील काही बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत येऊन धोका खूप वाढवतात, अशी कुटुंबेही जगात नोंदलेली आहेत, पण ती फार विरळ आहेत. उत्तर युरोपातील जुळ्यांच्या अभ्यासात या कर्करोगाच्या धोक्यातील माणसामाणसांतल्या फरकापैकी आनुवंशिकतेचा वाटा सुमारे १८ टक्के निघाला, आणि तंतोतंत सारखी जनुके असलेल्या जुळ्यांपैकी एक धूम्रपान करणारा आणि दुसरा न करणारा असेल तर करणाऱ्याचा धोका कित्येक पटींनी अधिक आढळला. तासगाव-पलूस भागातील बागायतदारांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही : द्राक्षाची एक जात डाऊनीला लवकर बळी पडते आणि दुसरी थोडी तग धरते हे खरे असले, तरी रोग येतो तो बुरशी आणि दमट हवा यांमुळे, आणि शहाणा माणूस जातीची चिकित्सा करत न बसता वेळेवर फवारणी करतो.

या पार्श्वभूमीवर निरोगी माणसांना विकल्या जाणाऱ्या चाचण्यांचा विचार व्हावा. त्या अशा अनेक लहान लहान फरकांची बेरीज करून एक आकडा देतात. ही बेरीज ज्या अभ्यासांवर आधारलेली असते त्यांत मुख्यतः युरोपीय वंशाचे आणि काही प्रमाणात पूर्व आशियातील लोक होते. भारतीयांचा सहभाग फार तोकडा होता. जतच्या किंवा शिराळ्याच्या माणसाला तो आकडा जसाच्या तसा लागू करता येत नाही. अशा अहवालात ‘धोका कमी’ असे वाचून एखाद्याने विडी चालू ठेवली, तर त्या कागदाने त्याचे प्रत्यक्ष नुकसान केले. आणि ‘धोका अधिक’ असे वाचून न ओढणाऱ्या माणसाची झोप उडाली, तर त्याच्या हाती करण्यासारखे काहीच आले नाही. ‘धोका अधिक’ असणाऱ्याला देण्याचा सल्ला आणि ‘धोका कमी’ असणाऱ्याला देण्याचा सल्ला एकच आहे, धुरापासून दूर राहण्याचा, आणि त्यासाठी लाळ तपासावी लागत नाही. म्हणून शासकीय जागेत किंवा शासकीय सहकार्याने भरणाऱ्या शिबिरांत अशा चाचण्यांची विक्री वा प्रचार होऊ देऊ नये, ही माझी पहिली विनंती आहे.

आता न ओढणाऱ्यांकडे वळते, कारण या पत्राचा मुख्य जीव त्यांच्यात आहे. जगभरात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे साधारण १० ते २५ टक्के रुग्ण असे असतात की ज्यांनी कधीही धूम्रपान केलेले नसते, आणि आशियातील स्त्रियांमध्ये हा वाटा आणखी मोठा आहे. महाराष्ट्राचे चित्र तर आणखी विचार करायला लावणारे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, पण त्यांपैकी बहुतेक जण खाणारे किंवा मशेरी लावणारे होते; धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. खाण्याच्या तंबाखूने तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांचे कर्करोग होतात आणि त्यासाठी ती सुटलीच पाहिजे, परंतु फुफ्फुसाच्या बाबतीत तिच्याविरुद्ध धुराइतका भक्कम पुरावा नाही. मशेरी तव्यावर भाजताना स्वयंपाकघरभर पसरणारा तंबाखूचा धूर मात्र फुफ्फुसातच जातो आणि तो घरातली लेकरेही घेतात, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. सांगायचा मुद्दा हा की, ज्या राज्यात शंभरातील चार माणसेही धूम्रपान करत नाहीत, तिथे ‘ओढता का?’ या एकाच प्रश्नावर चौकशी थांबवणे म्हणजे उरलेल्यांना चौकशीतून वगळणे होय.

चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई या भागाचा अनुभव आपल्या जिल्ह्याने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. तेथील स्त्रिया जवळजवळ धूम्रपान करत नसत, तरी त्यांच्यातील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अतिशय मोठे होते. कारण निघाले ते घरातील उघड्या चुलीत जाळला जाणारा, फार धूर करणारा दगडी कोळसा. पुढे ज्या घरांनी धुराडे असलेल्या चुली बसवल्या, त्या घरांत काही वर्षांनंतर हा धोका पुरुषांमध्ये सुमारे ४१ टक्क्यांनी आणि स्त्रियांमध्ये सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे तीच होती, त्यांची जनुके तीच होती. बदलले ते धुराडे.

धूर नेमके काय करतो, यावर २०२३ मध्ये लंडनमधील चार्ल्स स्वँटन यांच्या गटाने महत्त्वाचा प्रकाश टाकला. त्यांनी कर्करोग नसलेल्या फुफ्फुसाच्या ऊतींचे नमुने बारकाईने तपासले, तेव्हा १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआर या जनुकातील आणि ५३ टक्के नमुन्यांत केआरएएस या जनुकातील कर्करोगाशी संबंधित बदल सापडले. वयोमानाने असे बदल झालेल्या मोजक्या पेशी आपल्यापैकी अनेकांच्या छातीत निपचित पडून असतात. अतिसूक्ष्म धूलिकण फुफ्फुसात गेले की तेथे दाह निर्माण होतो आणि त्या दाहामुळे या निपचित पेशी वाढीला लागतात, असे त्यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. धूर दर वेळी डीएनए तोडूनच घात करतो असे नाही. कधी तो आधीच घडलेल्या बदलाला चेतवतो. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या आणि विडीला कधी हातही न लावलेल्या बाईला हा आजार कसा झाला, या प्रश्नाचे मला पटलेले सर्वांत चांगले उत्तर हे आहे.

आपल्या जिल्ह्याचा धूर कुठे कुठे आहे, हे आपणा सर्वांना माहीत आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि सिलिंडर घरोघर पोहोचला, तरी आंघोळीचे पाणी, भाकरी आणि जनावरांचे आंबोण अजूनही अनेक घरांत काटक्या, तुरकाट्या आणि शेणी यांवरच होते, कारण सिलिंडर भरून आणणे परवडत नाही. गळीत हंगामात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्यांत तर तीन दगडांची चूल आणि निजण्याची जागा यांत हातभराचे अंतर असते. उसाचा खोडवा राखताना पाचट पेटवले जाते. गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी जळण टाकणारा माणूस हंगामभर त्याच धगीत आणि धुरात उभा असतो. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लोखंड व पोलाद ओतकामातील कामाच्या ठिकाणचा संपर्क, सिलिकाची धूळ, वेल्डिंगचा धूर आणि डिझेल इंजिनांचा धूर या चारही गोष्टी माणसात कर्करोग घडवणाऱ्या म्हणून पहिल्या गटात टाकल्या आहेत. बाहेरची प्रदूषित हवाही २०१३ पासून त्याच गटात आहे, आणि लाकूड-शेणीचा घरगुती धूर त्याखालच्या ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे. खडी क्रशर आणि वीटभट्ट्या यांचा उल्लेख पुरे. त्यांविषयी तक्रारी आपल्या कार्यालयात पडून असतीलच.

गलाई व्यवसायाबद्दल मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याची दखल आरोग्याच्या अंगाने क्वचितच घेतली जाते. खानापूर, आटपाडी आणि तासगाव तालुक्यांतील हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत, अनेकदा खिडकी नसलेल्या खोलीत, भट्टी पेटते, तेजाबाच्या वाफा उठतात आणि जुने दागिने वितळवले जातात. दागिन्यांना डाख देण्यासाठी कॅडमियम वापरण्याची पद्धत सराफी व्यवसायात रूढ होती. असा दागिना तापवला की सोन्याच्या कितीतरी आधी कॅडमियम वाफ होऊन हवेत जाते, आणि कॅडमियम हे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. मुले कोवळ्या वयात मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात कामाला जातात, तिथेच निजतात आणि पन्नाशीत छाती भरून गावी परततात. त्या वेळी त्यांच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ असे लिहिले जाते. मी असे कागद पाहिले आहेत. तीस वर्षे भट्टीपुढे घालवलेल्या माणसाचा सगळा इतिहास त्या एका शब्दाखाली गाडला जातो आणि मग वैद्यकीय अधिकारी तरी कशाचा संशय घेणार?

विशेष म्हणजे ही माहिती गोळा करण्याची सोय आपल्याकडे आधीच आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका ओळखण्यासाठीची प्रश्नावली) भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न तर आहेच, पण स्वयंपाकाचे इंधन कोणते आणि कामाच्या ठिकाणी धूर, वायू किंवा धूळ यांच्याशी संबंध येतो का, हेही प्रश्न आहेत. ते प्रामुख्याने दम्यासारख्या दीर्घकालीन श्वसनविकारांसाठी ठेवलेले आहेत आणि राष्ट्रीय कार्यक्रमातील कर्करोगाची तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यापुरती आहे, त्यामुळे फुफ्फुसाच्या बाबतीत या उत्तरांकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही. आशाताईंवर आणखी एक फॉर्म लादावा असे मी मुळीच सुचवत नाही. त्यांच्याकडे आधीच कागद फार आहेत आणि मोबदला कमी. विनंती इतकीच की, चुलीचा आणि कामाचा हा रकाना उपकेंद्रातच न राहता खोकल्याच्या रुग्णाच्या केसपेपरवर यावा, आणि व्यवसाय विचारताना आजचा नव्हे तर आयुष्यातील सर्वांत दीर्घ काळ केलेला व्यवसाय, आणि तो कोणत्या गावी केला, हे विचारले जावे.

आता क्षयरोगाविषयी. मिरज-सांगलीच्या मधल्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले तेव्हापासून या भागाला या रोगाची ओळख आहे, आणि आजही खोकला, ताप, वजन घटणे आणि एक्स-रेवर डाग दिसणे म्हणजे टीबी, हे समीकरण आपल्या मनात पक्के आहे. बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. परंतु याच खुणा फुफ्फुसाच्या कर्करोगाच्याही आहेत, आणि थुंकीत जंतू न सापडताही टीबीचा कोर्स सुरू करून महिनोन्‌महिने वाट पाहण्याने अनेकांची वेळ निघून जाते. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत तेच झाले. त्यांनी तंबाखूला कधी स्पर्श केला नव्हता. चूल मात्र लग्नापासून त्यांच्याकडेच होती. छातीत पाणी झाले, ते काढले, थुंकी तपासणीत काही निघाले नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि उतार नसतानाही चालू राहिल्या. शेवटी तुकडा काढून तपासला तेव्हा अडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) निघाला आणि रोग छातीबाहेर पसरलेला होता. मी कोणा डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. समोर बसलेल्या साठीच्या, न ओढणाऱ्या बाईत कर्करोगाची शंका घेण्याची सवयच आपल्या व्यवस्थेने लावलेली नाही.

त्यांच्या गाठीची जनुकीय तपासणी झाली आणि ईजीएफआर जनुकात बदल आढळला. इथे जनुकशास्त्राचा खरा, आज हाती असलेला उपयोग आहे. ईजीएफआरमधील हे बदल आणि गोळीच्या रूपात घेता येणारी औषधे यांचा संबंध २००४ मध्ये उघड झाला, २००७ मध्ये काही गाठींत एएलके हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडले गेल्याचे सापडले, आणि तेव्हापासून या रोगाच्या एका मोठ्या गटाचे उपचार पालटले. भारतातील अडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश जणांत ईजीएफआरमधील बदल आढळतो आणि धूम्रपान न केलेल्यांत तो अधिक असतो. अशा रुग्णाला केमोथेरपीऐवजी रोजची गोळी सुरू करता येते आणि तिचा परिणाम अनेकदा काही आठवड्यांतच दिसतो. आमच्या जाऊबाईंची धाप ओसरली, पुढे बराच काळ त्या स्वतःच्या हाताने सारे करत राहिल्या, आणि नंतर रोगाने पुन्हा उचल खाल्ली. गोळी रोग मुळासकट काढत नाही, पण मिळालेला तो काळ आमच्या घराला मोलाचा होता.

त्याच अहवालाने घरात दुसरी चिंताही उभी केली. कागदावर जनुकातील बदल असे वाचून त्यांच्या मुलींच्या सासरकडून विचारणा सुरू झाली की हे लेकरांत उतरते का. ते उतरत नाही. वर सांगितलेली फार विरळ कुटुंबे सोडली तर, गाठीत सापडणारा हा बदल त्या माणसाच्या हयातीत, फुफ्फुसातील एखाद्या पेशीत घडलेला असतो. तो आई-वडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही. वारशाने मिळालेले जनुकीय फरक आणि गाठीत घडलेले बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समुपदेशनाचे दोन शब्द अहवाल हातात देतानाच सांगितले गेले असते तर दोन संसारांतील मनस्ताप टळला असता. प्रत्येक अहवालासोबत हे शब्द मराठीत छापून द्यावेत.

सरसकट सीटी स्कॅनची मागणी मी करत नाही, हेही नोंदवते. कमी किरणोत्सर्गाच्या सीटीने तपासणी केल्यास या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात, असे अमेरिकेतील चाचणीत २०११ मध्ये दिसले, पण ती चाचणी दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांवर होती. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण इतक्या छातींत असतात की निष्कारण सुया आणि शस्त्रक्रिया वाढण्याचा धोका मोठा आहे.

म्हणून माझ्या विनंत्या मर्यादित आहेत आणि बहुतेक जिल्ह्याच्या अधिकारात बसणाऱ्या आहेत. तीन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीतून रक्त, बसलेला आवाज किंवा अकारण घटणारे वजन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विडी-सिगारेटबरोबरच चूल, घरातील दुसऱ्याची विडी, भट्टी, ओतकाम आणि खडी यांविषयी विचारावे आणि उत्तर वर्षांच्या संख्येसह लिहावे. एक्स-रेवर डाग आहे पण थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत क्षयाचे जंतू नाहीत, अशा चाळिशीपुढील रुग्णाला टीबीच्या गोळ्या द्यायच्या झाल्या तरी त्याच वेळी छातीच्या सीटीसाठी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठवावे आणि काही आठवड्यांत उतार न पडल्यास दुर्बिणीची तपासणी व तुकड्याची तपासणी लांबवू नये. फुफ्फुसाचा अडिनोकार्सिनोमा ठरलेल्या प्रत्येक रुग्णाच्या गाठीची किमान ईजीएफआर आणि एएलके यांसाठी तपासणी व्हावी आणि तिचा खर्च रुग्णाच्या कुटुंबावर पडणार नाही अशी तरतूद, शासकीय योजनेतून किंवा जिल्हा नियोजनातून, करावी. विटा आणि आटपाडी येथे दिवाळी-यात्रेच्या दिवसांत, जेव्हा गलाई बांधव गावी येतात, तेव्हा त्यांच्यासाठी छातीची तपासणी आणि भट्टीच्या खोलीत हवा खेळती ठेवण्याचे मार्गदर्शन एकत्र ठेवावे. ऊसतोडीच्या तळांवर जळणाची आणि धुराड्याच्या चुलीची सोय साखर कारखान्यांकडून करून घ्यावी. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक केसपेपरच्या मागील बाजूस छापायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालते आणि खेड्यातली माणसे घरोघर जाऊन कर्करोगाचा हिशेब ठेवू शकतात हे तिने दाखवून दिले आहे. आपल्या दहा तालुक्यांतील फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची, त्यांचे इंधन, दीर्घकाळचा व्यवसाय आणि गाठीतील जनुकीय बदल यांसह नोंद एकत्र करून ती दरवर्षी, रुग्णांची नावे वगळून, जिल्हा परिषदेने प्रसिद्ध करावी. ओतकाम, गलाई आणि चूल यांचा आपल्या जिल्ह्यातील वाटा किती, हे त्याच नोंदीतून कळेल. या कामासाठी नमुना तयार करणे, आशाताई व आरोग्यसेविका यांच्यासाठी मराठीत माहितीपत्रक लिहिणे आणि शाळा-महाविद्यालयांतून समजावून सांगणे यांसाठी माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामोबदला वेळ देण्यास तयार आहेत.

या विनंत्यांपैकी कोणत्या मान्य होऊ शकतात आणि कोणत्या का होऊ शकत नाहीत, याचे लेखी उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, ही नम्र अपेक्षा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका
पलूस तालुका, जि. सांगली